पंप दोन तासांत खोलण्याच्या ‘सोप्या पद्धती’ला उत्तर

गेल्या महिनाभरात एक संदेश जालन्याच्या भट्ट्यांपासून वाळूजच्या कारखान्यांपर्यंत बऱ्याच फिटरांच्या मोबाइलवर फिरला. सेंट्रिफ्युगल पंप दोन तासांत कसा खोलायचा, हे त्यात सांगितलंय. स्टार्टर बंद केला की काम सुरू करा. इम्पेलर (पाणी फेकणारं पात्यांचं चाक) निघेना तर शाफ्टवर हातोडा घाला, नाहीतर गॅस लावा. खुणा-मापांत वेळ घालवू नका. सुटे भाग निघाले की लगेच धुऊन टाका. बसवताना बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरा आणि थेंबही गळणार नाही इतकी ग्लँड, म्हणजे शाफ्टभोवतीची पॅकिंगची दोरी दाबणारी कडी, आवळा. माझी बावीस वर्षं याच कामात गेली. आयटीआयमधून आलेली नवी लेकरं हा संदेश जपून ठेवतायत, म्हणून उत्तर देतोय.

स्टार्टर बंद केल्याने भागत नाही. कूलिंग टॉवरचे बरेच पंप ऑटोवर असतात. टाकीतला फ्लोट खाली गेला की कोणी हात न लावता पंप सुरू होतो, आणि तेव्हा तुमची बोटं कपलिंगमध्ये असतात. आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) पाडा, फ्यूज काढा, स्वतःचं कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. एवढं करूनही पाणी राहतंच. डिलिव्हरीचा पाइप ३० मीटर उंच गेलेला असेल आणि एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळत असेल, तर केसिंगमध्ये, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचात, चौरस सेंटिमीटरला ३ किलो दाब असतो. ३०० मिलिमीटर व्यासाच्या कव्हरवर तो जोर दोन टनांहून जास्त भरतो. सक्शन-डिलिव्हरीचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, ड्रेन प्लग आणि एअर कॉक उघडा, पाणी थांबलेलं डोळ्यांनी बघा. मगच नटाला पाना लावा.

हातोड्याचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्याचं नुकसान त्या दिवशी दिसत नाही. शाफ्टच्या टोकावर घातलेला घाव बॉलमधून बेअरिंगच्या रेसवर (बॉल फिरतात त्या कडीवर) जातो. तिथे केसाएवढे खड्डे पडतात आणि चांगली बेअरिंग काही दिवसांत घरघरायला लागते. बेअरिंग बदलायचीच आहे म्हणाल, तर शाफ्टचं काय? टोकाचे आटे चेपतात, शाफ्ट वाकतो. डायल गेजवर ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक आला की नवं सीलही टिकत नाही. आणि ठोकायची गरज कशाला पडावी? कारखान्यातले बरेच पंप मागच्या बाजूने निघतील असेच बनवलेले असतात. कपलिंगचा मधला तुकडा काढला, केसिंगचे बोल्ट सोडले की मोटर आणि पाइपलाइन जागेवर ठेवून सगळा फिरता संच मागे ओढता येतो. कव्हर चिकटलं असेल तर त्यालाच जॅक बोल्टची (आवळला की कव्हर ढकलून सोडवणाऱ्या बोल्टची) भोकं दिलेली असतात. आळीपाळीने पाव-पाव फेरा द्या, सरळ बाहेर येतं. इम्पेलरचा नट फिरण्याच्या जोराने आवळत जाईल अशा आट्याचा असतो, म्हणून काही पंपांत तो डाव्या आट्याचा निघतो. जोर लावण्याआधी केसिंगवरचा बाण आणि आटा बघा. गंजाने, क्षाराने धरलेल्या इम्पेलरला गंज सोडवायचं तेल रात्रभर मुरू द्या आणि सकाळी पुलर (खेचून काढायचं हत्यार) लावा. गॅस हा शेवटचा उपाय. हबच्या पोकळीत पाणी अडकलेलं असेल तर वाफ होऊन इम्पेलर तोंडावर फुटतो.

ग्रीसचं थोडक्यात सांगतो. हाउसिंगमधल्या मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत ग्रीस पुरतं. ठासून भरलं तर ते घुसळून तापतं आणि बेअरिंग जाळतं.

थेंबही गळू नये, हे वाक्य आपल्याकडे लगेच पटतं. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आलेलं आपण पाहिलंय, थेंबाची किंमत आपल्याला सांगावी लागत नाही. पण ग्लँडमधून मिनिटाला ४० ते ६० थेंब पडायलाच हवेत, त्यावरच पॅकिंग आणि स्लीव्ह (शाफ्टवर चढवलेली नळी) थंड राहतात. हिशोब केला तर हे दिवसाला तीन ते सव्वाचार लिटर होतं, एका कळशीहूनही कमी, आणि ते खाली भांडं लावून परत टाकीत टाकता येतं. थेंब बंद केला तर पॅकिंग जळतं, स्लीव्हला चर पडतो आणि मग धारच लागते. गळती नकोच असेल तर पॅकिंगऐवजी मेकॅनिकल सील (एकमेकांवर घासणाऱ्या दोन गुळगुळीत कड्यांचं सील) बसवा.

राहिल्या खुणा, मापं आणि धुणं. जुनं गॅस्केट फेकण्याआधी त्याची जाडी मोजा. जाडी बदलली की इम्पेलर आपल्या जागेवरून सरकतो. वेअर रिंग (इम्पेलर आणि केसिंगमधली झिजणारी कडी) आणि इम्पेलर यांच्यातली चाळ, म्हणजे फट, मोजा. शंभर-सव्वाशे मिलिमीटर व्यासाला नवी असताना ती साधारण ०.४ मिलिमीटर असते, दुप्पट झाली की रिंग बदलायची.

धुण्याचं सांगायचं तर, एका रोलिंग मिलमध्ये एका पंपाची ग्लँड दर पंधरा दिवसांनी जळत होती. तीनदा पॅकिंग बदललं होतं, एकदा स्लीव्हही. चौथ्यांदा आम्ही खोलला. सोबतचा पोरगा वायर ब्रश आणि रॉकेलचा डबा घेऊन तयारच होता.

“काका, हे पांढरं घासून काढू का?”

“थांब बाबा, आधी बघू दे.”

लँटर्न रिंगच्या (पॅकिंगच्या मधोमध बसणाऱ्या, सीलिंगचं पाणी आत सोडणाऱ्या कडीच्या) भोकांत बोअरच्या पाण्याचा क्षार चुन्यासारखा घट्ट बसला होता. सीलिंगच्या पाण्याला आत जायला वाटच नव्हती. स्टफिंग बॉक्सची (पॅकिंग बसतं त्या खाचेची) खोली मोजली तेव्हा दुसरी गोष्ट कळली. कोणीतरी रिंगच्या आतल्या बाजूला पॅकिंगचे दोनऐवजी तीन वेढे घातले होते, त्यामुळे रिंग पाण्याच्या भोकासमोर नव्हतीच, एक घर पुढे सरकली होती. भाग आधीच धुतले असते तर निम्मं कारण रॉकेलबरोबर वाहून गेलं असतं. भोकं मोकळी केली, आतल्या बाजूला दोनच वेढे घातले, त्यांचे सांधे एकमेकांपासून ९० अंशांवर ठेवले. पंप सुरू करून पाऊण तास ग्लँड हळूहळू बसवली आणि मिनिटाला पन्नासेक थेंबांवर सोडली.