‘मुलींचे गुडघे जाणारच’ या दाव्याविषयी

खेळाडू मुलींच्या पालकांमध्ये सध्या व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा: मुलींची कंबर रुंद असल्यामुळे त्यांचे गुडघे मुळातच कमकुवत असतात आणि त्यावर व्यायामाचा काही उपयोग होत नाही, खेळण्याआधी स्ट्रेचिंग केले की पुरे, आणि गुडघ्यातले लिगामेंट (हाडांना एकमेकांशी जोडणारा चिवट पट्टा) तुटलेच, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून मुलगी पूर्ववत खेळू लागते. वयात येणाऱ्या मुलींना बास्केटबॉल शिकवत असल्यामुळे यावर गप्प राहणे मला शक्य नाही.

पहिल्या विधानात सत्याचा अंश आहे. उड्या आणि अचानक दिशाबदल असलेल्या खेळांत एसीएल हे गुडघ्याच्या आतले, त्याला स्थिर ठेवणारे लिगामेंट तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून अधिक आढळते. पण ही दुखापत बहुतेक वेळा कुणाचा धक्का न लागता, जमिनीला पाय टेकल्यानंतर अवघ्या ४० मिलिसेकंदांच्या आसपास होते. रिबाउंड, म्हणजे बास्केटला न जाता परतलेला चेंडू, उडी मारून घेऊन खाली येणारी नवखी मुलगी जवळून पाहावी. तिचे पाय जवळजवळ ताठ असतात, गुडघे एकमेकांकडे झुकतात आणि तळवे धप्पकन आदळतात. तीच मुलगी काही आठवड्यांच्या सरावानंतर चवड्यांवर उतरते, बसायला निघाल्यासारखी कंबर मागे नेते, गुडघे बोटांच्या रेषेत ठेवून वाकते आणि उतरल्याचा आवाजही फारसा येत नाही, कारण आता भार मांडीच्या मागच्या आणि नितंबांच्या स्नायूंनी पेललेला असतो. कंबरेची रुंदी दोन्ही वेळा तेवढीच असते.

व्यायामाचा उपयोग होत नाही, हे तर सरळ चुकीचे आहे. स्वीडनमध्ये २००९ च्या हंगामात १२ ते १७ वर्षांच्या साडेचार हजारांहून अधिक फुटबॉलपटू मुलींवर याची चाचणी झाली. आठवड्यातून दोनदा, १५ मिनिटे, एका पायावर बैठका, पाठीवर झोपून कंबर उचलणे, प्लँक (कोपरे आणि चवड्यांवर शरीर ताठ धरणे), लंज (एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवणे) आणि उडी मारून नीट उतरणे, एवढाच हा कार्यक्रम होता. त्याला कोणतेही यंत्र लागत नाही. दोन गटांमधला फरक हिशेबात धरल्यावर एसीएलच्या दुखापतींचा दर ६४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. एकूण दुखापती थोड्याच होत्या, हा सराव करणाऱ्या गटात ७ आणि तो न करणाऱ्या गटात १४, हे मान्य करायला हवे. तरीही नियमाने सराव करणाऱ्यांना अधिक लाभ झाला, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. उडीची चाचणी घेऊन नेमका कुणाचा गुडघा जाईल हे मात्र खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच हा सराव निवडक मुलींना न देता संपूर्ण संघाला द्यावा लागतो.

स्ट्रेचिंगने स्नायू सैल होतात, पण उतरायचे कसे हे शरीराला त्यातून कळत नाही.

राहिला शस्त्रक्रियेचा दिलासा. तिच्यानंतर मैदानावर परतायला सहसा नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि पंचविशीच्या आत परतणाऱ्या खेळाडूंपैकी जवळपास चौघांतल्या एकाचे लिगामेंट, त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्यात, पुन्हा तुटते. स्वीडनमध्येच, एसीएल तुटून १२ वर्षे झालेल्या फुटबॉलपटू स्त्रियांच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढले गेले, तेव्हा त्यांचे सरासरी वय ३१ होते. निम्म्या जणींच्या गुडघ्यात संधिवाताची झीज दिसली. या अभ्यासातल्या साठ टक्क्यांच्या आसपास स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती.