सुकुनाचं बोट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘जुजुत्सु कायसेन’ या जपानी मांगा (चित्रकथा) मालिकेत सुकुना या शापांच्या राजाची वीस बोटं मागे उरलेली आहेत, आणि बोट गिळणाऱ्याच्या शरीरात तो जागा होतो. त्या बोटांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सडेतोड लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: वीस बोटं म्हणजे नायकाने एकेक करून जमवायच्या वस्तू, शोनेन (किशोरांसाठीच्या) मालिकांचा जुना साचा. पहिल्याच प्रकरणात मुलाने सडकं बोट गिळणं ही किळस आणून लक्ष वेधण्याची युक्ती. सुकुना नायकाच्या मित्राच्या, मेगुमीच्या, शरीरात शिरला तिथे तर लेखक गेगे अकुतामी यांनी बोटांचा नियमच गुंडाळून ठेवला. आणि शेवटी, सुकुना हा दंतकथेतला राक्षस, त्यात खोल काय असणार? (मालिका पूर्ण न वाचलेल्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळे उलगडे आहेत.)

साचा मला मान्य नाही. जमवाजमवीच्या गोष्टीत प्रत्येक वस्तूमागे नायक आपल्या इच्छेच्या जवळ जातो. इथला नायक इतादोरी युजी प्रत्येक बोटामागे स्वतःच्या मृत्युदंडाच्या जवळ जातो. सुकुना अंगात असल्याने मांत्रिकांनी त्याला मरणाची शिक्षा दिलेली असते, आणि त्यांच्यातला गोजो हा शिक्षक त्याच्यासमोर दोनच वाटा ठेवतो: आत्ता मर, नाहीतर सगळी बोटं शोध, गिळ आणि मग मर. मोहीम यशस्वी होणं म्हणजेच फाशी. ज्या संध्याकाळी आजोबा ‘तू ताकदवान आहेस, लोकांना मदत कर’ असं सांगून जातात, त्याच रात्री हे बोट त्याच्या पोटात जातं. आपलं मरण कुणाच्या तरी उपयोगी पडावं, ही त्या मुलाची ओढ. बोट तिला एक आकडा देतं: वीस. इतकी क्रूर कल्पना मी शोनेनमध्ये फार कमी वेळा पाहिली आहे.

किळसेबद्दल बोलायचं तर पहिलं प्रकरण पुन्हा उघडून बघा. ते बोट सेंडाईच्या शाळेत हवामानाची उपकरणं ठेवायच्या पेटीत होतं, आणि तिथे ते मुद्दाम ठेवलेलं होतं. त्याच्या दहशतीने लहानसहान शाप (या कथेतले राक्षस) दूर राहतात, म्हणजे ते राखणदार होतं. काळाच्या ओघात त्यावरची मुद्रा कमजोर झाली आणि तेच बोट शापांना बोलावू लागलं. क्लबमधले दोघे वरची गुंडाळी रात्री सोडवतात, शाप तुटून पडतात, मेगुमी जखमी होतो. शापाला फक्त शापशक्तीनेच मारता येतं, हे युजीला तिथेच कळतं. ती त्याच्याकडे नाही, हातातल्या बोटात मात्र ठासून भरलेली आहे. गिळणं हा त्या क्षणी उरलेला एकच उपाय होता.

आता टोकियोतल्या शिबुया भागातली लढाई, कारण माझ्या लेखाचं सगळं म्हणणं तिथे आहे. बोटं नष्ट करणं मांत्रिकांना जमलेलं नाही, म्हणून ठरतं की ती एका मुलाच्या शरीरात साठवायची आणि त्या शरीरासकट संपवायची. मोठ्या माणसांनी, संस्थेने, शांत डोक्याने घेतलेला निर्णय आहे हा. त्याच संस्थेच्या ताब्यातली सहा बोटं माहितो हा शाप चोरून नेतो. पुढे 31 ऑक्टोबर 2018च्या रात्री युजी बेशुद्ध असताना दोन मुली त्याच्या तोंडात एक बोट घालतात आणि पाठोपाठ जोगो हा दुसरा शाप एकदम दहा कोंबतो. तुम्ही याला ‘घाईघाईत आकडा वाढवणं’ म्हणता. मला वाटतं, आकडा एकदम वाढणं हाच तिथला घाव आहे. हळूहळू घेतलं तर शरीर सोसेल, या हिशेबावर अख्खी योजना उभी होती. सुकुना जागा होतो आणि 140 मीटर त्रिज्येच्या वर्तुळातलं जवळपास सगळं कापून काढतो. त्या रात्रीचं एकही बोट युजीने स्वतःहून गिळलेलं नव्हतं. तरीही शुद्धीवर आल्यावर तो ती सगळी प्रेतं स्वतःच्या खात्यावर मांडतो. ज्यांनी त्याला डबा म्हणून वापरलं, त्यांच्यापैकी कुणीही असा हिशेब मांडत नाही.

आणि नियम गुंडाळला? 212वं प्रकरण बघा. सुकुना युजीचंच बोट तोडून मेगुमीच्या घशात घालतो. त्याला हे जमतं ते युजीच्या हृदयाच्या बदल्यात केलेल्या करारामुळे, आणि तो करार जवळपास 200 प्रकरणं आधीचा आहे. त्या करारानुसार सुकुनाला युजीचं शरीर एक मिनिट वापरता येणार होतं, आणि त्या मिनिटात कुणाला इजा करायची नाही, अशी अट होती. युजी स्वतःला त्यात धरायला विसरला. मेगुमीला वाचवण्यासाठी युजीने बोट गिळलं होतं, आता त्याचंच बोट मेगुमीला बुडवतं. नियम मोडलेला नाही, पूर्ण उलटा फिरवलाय. पुढच्या शिंजुकूच्या लढाईत मेगुमीच्या मनाला पुरेशी जागा मिळाली नाही, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. तिथे मीही तुमच्याच बाजूने आहे.

राहिला राक्षस. 720 साली पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या जपानच्या जुन्या इतिहासग्रंथात र्योमेन सुकुना येतो तो हिदा प्रांतातला, दोन चेहऱ्यांचा, चार हातांचा, सम्राटाची आज्ञा न मानणारा माणूस म्हणून. दरबाराने सेनापती पाठवून त्याला मारवलं. पण त्याच हिदात, आजच्या गिफूमध्ये, लोक त्याला वीर मानतात. ताकायामाचं सेन्कोजी देऊळ त्यानेच स्थापलं असं सांगतात आणि 17व्या शतकातल्या एन्कू या भिक्षूने कोरलेली त्याची लाकडी मूर्ती तिथे आहे. मालिकेतला सुकुना हा अर्थातच तो नव्हे. तो हजार वर्षांपूर्वीचा माणूस होता, नाव फक्त त्या काल्पनिक राक्षसाचं मिळालं, हे गोजोच सांगतो. तरी दरबाराला नकोसा आणि गावाला राखणारा, हा जुना दुहेरीपणा शाळेच्या पेटीतल्या त्या बोटात उतरलेला मला दिसतो. 271व्या म्हणजे शेवटच्या प्रकरणाचं शेवटचं चित्रही उरलेल्या बोटाचंच आहे. नियम निरुपयोगी झाला असता, तर अकुतामी यांनी साडेसहा वर्षांची मालिका तिथे आणून थांबवली नसती.

शिबुयाबद्दल तुमचं मत अजूनही तेच असेल तर जरूर लिहा, फक्त प्रकरणाचा क्रमांक द्या, म्हणजे दोघांनाही तीच पानं समोर ठेवून बोलता येईल.