डिस्चार्ज कार्डावर लसीची एक ओळ पाहिजे

आमचे नाना ७२ वर्षांचे, जुनी शुगर, त्यात बिडीने खराब झालेली छाती. दोन वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला आणि जळगावला एका हॉस्पिटलमध्ये नऊ दिवस ॲडमिट होते, त्यातले चार आयसीयूत. घरी आणताना फाइलमध्ये गोळ्या, पंप, पथ्याचा कागद, सगळं होतं, लसीचा एक शब्द नव्हता. पुढच्या वर्षी पाऊस लागला आणि परत तेच, आधी साधा फ्लू, मग छाती भरली, परत ॲडमिट.

या दुसऱ्या खेपेला डिस्चार्जच्या दिवशी एका सिस्टरने सलाईनची सुई काढता काढता विचारलं, बाबा, न्यूमोनियाची लस घेतली का कधी? आम्ही दोघं भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. नाना म्हणाले, "आते या वयमा सुई कसाले?" सिस्टर इकडचीच होती, तिने पलंगावर बसून अहिराणीतच सगळं समजावलं, मग डॉक्टरांना विचारून आली, आणि नानांनी स्वतःच बाही वर केली. दहा मिनिटांचं काम होतं हो. पहिल्या वेळी कोणीच का नाही विचारलं, हे अजून डोक्यातून जात नाही.

लोक म्हणतात म्हातारे ऐकत नाहीत. मला हे पटत नाही. १ मार्च २०२१ पासून साठीच्या वरच्यांना कोविडची लस सुरू झाली तेव्हा आमच्या गावची म्हातारी माणसं आशाताईंच्या मागे चालत शाळेत गेली, का, तर कोणीतरी दारात येऊन बोलावलं होतं. न्यूमोनियाची लस लहान मुलांना २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट मिळते, पण आजोबांना कोणी बोलवत नाही, त्यांची त्यांनी विकत घ्यायची, काही हजार लागतात. खर्च आहेच, नाही म्हणत नाही, पण आयसीयूचं एका दिवसाचं बिल बघितलेल्या माणसाला हा हिशोब सांगावा लागत नाही.

आणि हे हॉस्पिटलमध्येच व्हायला पाहिजे. पेशंट तिथे, पोरं तिथे, डॉक्टर तिथे, फ्रीज तिथे. "नंतर घेऊन टाका" म्हटलं की संपलं, गावाकडे गेलेला माणूस एका सुईसाठी एसटीने परत येत नाही. माझ्या मावसभावाने मावशीसाठी फ्लूची लस मेडिकलवरून घेतली आणि मे महिन्यात, आपल्याकडचं ४५ डिग्रीचं ऊन, पिशवीत टाकून मोटरसायकलवर गावी नेली. लस २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागते, गावच्या डॉक्टरांनी हातात घेऊन बघितली आणि फेकायला लावली. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, त्याची काय चूक?

माझं म्हणणं एवढंच, साठीच्या पुढचा पेशंट ॲडमिट झाला की बीपी-शुगरसोबत लसीचं पण विचारा आणि लिहा. बाहेरच्या देशांत बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांनी आधीच ठरवून दिलेलं असतं की नियमात बसणाऱ्या पेशंटला सिस्टरनेच विचारून लस द्यायची, दर वेळी वेगळी चिठ्ठी लागत नाही. इथे का नको? लस घेतली म्हणजे न्यूमोनिया होणारच नाही असं नाही, पण जीवावर बेतायची शक्यता कमी होते. फ्लूची मात्र दर वर्षी लागते कारण व्हायरस बदलत राहतो, आणि असर यायला दोनेक आठवडे लागतात म्हणून पावसाळ्याआधी घेतलेली बरी.

परवा काकूंना डिस्चार्ज आहे, ६८ वय, दमा. फाइलच्या कव्हरवर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, लसीचं विचारणे.