‘३ महिन्यांत १५ किलो’वाल्या मेसेजची झाडाझडती

मिरजेत आमचं मेडिकल आहे. गेले काही महिने गिऱ्हाईक येतं, काउंटरवर मोबाइल ठेवतं आणि एकच मेसेज दाखवतं. कुणाला नणंदेने पाठवलेला, कुणाला भिशीच्या ग्रुपवर आलेला. मजकूर असा: ‘वजनाचं नवीन इंजेक्शन. आठवड्यातून एकदा टोचा. ३ महिन्यांत १५ किलो गॅरंटी. पथ्य नाही, व्यायाम नाही. मुळात शुगरचं औषध, म्हणून एकदम सेफ. लवकर रिझल्ट हवा तर सुरुवातच मोठ्या डोसने करा. एक पेन नवरा-बायको दोघांत चालतं, फक्त सुई बदला. वजन उतरलं की बंद.’

मागच्या महिन्यात हाच मेसेज घेऊन एक ताई आल्या. “दादा, ह्यातलं सगळ्यात मोठं कुठलं असेल ते द्या. मुलीचं लग्न तीन महिन्यांवर आलंय.” चिठ्ठी? नव्हती.

औषध थोतांड नाही, हे आधी सांगून टाकतो. वजनाच्या या इंजेक्शनांत असणारी सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही दोन्ही औषधं खरोखर काम करतात, आणि ज्याला गरज आहे त्याने लाजून ती टाळावीत असंही मला वाटत नाही. माझं भांडण मेसेजशी आहे.

गंमत म्हणजे त्यातला १५ किलोचा आकडा खरा आहे. सेमाग्लुटाइडची जी मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात १,९६१ जण होते आणि औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १५ किलोंच्या आसपास उतरलं. पण ते ६८ आठवड्यांत, म्हणजे जवळजवळ सोळा महिन्यांत. शिवाय या लोकांचं सुरुवातीचं वजन सरासरी १०५ किलो होतं. मेसेज लिहिणाऱ्याने किलो जसेच्या तसे ठेवले, महिने तेवढे गिळले. आणि सरासरीला गॅरंटी म्हणत नाहीत. कुणाचं वीस किलो उतरतं, कुणाचं चार.

तीन महिन्यांत ते का होत नाही, याचं उत्तर डोसच्या वेळापत्रकातच आहे. वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं. चार आठवडे तेवढंच. मग ०.५, मग १, मग १.७, प्रत्येक पायरीवर चार-चार आठवडे. २.४ चा पूर्ण डोस सतराव्या आठवड्यात. म्हणजे मेसेजवाल्याचे तीन महिने संपतात तेव्हा माणूस अजून जिना चढतोय. टिर्झेपेटाइडचंही तसंच: २.५ पासून सुरुवात, चार आठवड्यांनी ५, पुढे गरजेप्रमाणे अडीच-अडीचने वर, जास्तीत जास्त १५.

या पायऱ्या कंपनीने विक्री वाढवायला घातलेल्या नाहीत. हे औषध मेंदूला ‘पोट भरलं’ असं सांगतं आणि जठरातलं अन्न पुढे सरकायला वेळ लावतं. शरीराला त्याची हळूहळू सवय व्हावी लागते. सवयीआधीच मोठा डोस टोचला की मळमळ, मग ओकाऱ्या. घोटभर पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, अंगातलं पाणी कमी होतं आणि त्याचा भार मूत्रपिंडावर येतो. ‘लवकर रिझल्ट’ मिळतो तो सलाइनच्या बाटलीचा.

यात आणखी एक भानगड आहे, आणि ती काउंटरच्या या बाजूला बसल्याशिवाय कळत नाही. हे औषध पेनमध्ये मिळतं तसं छोट्या बाटलीतही मिळतं, आणि बाटलीतून ते इन्शुलिनच्या सिरिंजने ओढावं लागतं. आपल्याकडे या सिरिंजा दोन प्रकारच्या: लाल टोपणाची ४० युनिटची आणि केशरी टोपणाची १०० युनिटची. केशरीवर २० पर्यंत ओढलं की ०.२ मिलिलिटर. लालवर २० पर्यंत ओढलं की अर्धा मिलिलिटर, अडीचपट! त्यात मिलिग्रॅम वेगळा, मिलिलिटर वेगळा, युनिट वेगळा. अमेरिकेत २०२४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला यावर इशारा काढावा लागला. बाटलीतून स्वतः ओढून घेताना लोकांनी ठरलेल्या डोसच्या ५ ते २० पट औषध टोचून घेतलं होतं. म्हणून बाटली असेल तर कुठली सिरिंज आणि कुठल्या रेघेपर्यंत, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि दुकानात आम्हाला रेघ दाखवायला सांगा. पहिल्या वेळी प्रत्येकजण चुकतो, त्यात संकोच कसला?

‘शुगरचं औषध म्हणून सेफ’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. त्या ताईंनाच मी विचारलं, सध्या काय घेता? पर्समधून शुगरच्या गोळ्यांची पट्टी निघाली: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र. एकटं हे इंजेक्शन शुगर सहसा फार खाली नेत नाही. पण ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असताना वर हे घेतलं आणि जेवण निम्म्यावर आलं, तर घाम, थरथर, चक्कर ठरलेली. जुन्या गोळीचा डोस कमी करायचा का, हे डॉक्टरच ठरवणार. मेसेजला त्या पट्टीबद्दल काय ठाऊक?

बाकी यादी भराभर सांगतो. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झाला असेल तर हे औषध नाही. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. वरच्या पोटात असह्य दुखून कळ पाठीत जात असेल आणि थांबत नसेल, तर पुढचा डोस राहू द्या आणि थेट दवाखाना गाठा. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडेही होतात. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून सुरू करताना आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे निरोध वगैरे जोडीला हवा. आणि साधं हर्नियाचं ऑपरेशन असलं तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचं सांगायचं, कारण उपाशी राहूनही पोट रिकामं असेलच असं नाही.

‘पथ्य नाही, व्यायाम नाही’ म्हणे. वर सांगितलेल्या चाचणीत सगळ्यांना रोज ५०० कॅलरी कमी खायला आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायला सांगितलं होतं. आपल्या बाबतीत तर हे जास्तच लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, अगदी बरोबरीचा. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणजे काट्यावर सारखे दिसलो तरी आपल्याकडे चरबी जास्त, स्नायू कमी. इंजेक्शनने वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. मुळात तुटपुंजी असलेली ठेव आपण मोडतो. भूक मेली म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढणारे मी पाहतोय. दोनच घास जाणार असतील तर ते मटकीच्या उसळीचे, पिठल्याचे, अंड्याचे, दह्याचे असू देत, साबुदाण्याचे नकोत. आणि थोडं वजन उचला. नाहीतर काटा खाली येतो आणि जिना चढताना पाय लटपटतात.

एक पेन दोघांत? अजिबात नाही. टोचताना रक्ताचा अंश उलटा पेनमध्ये जाऊ शकतो, आणि नवी सुई लावली तरी तो आतच राहतो. काविळीसारखे आजार अशाने पसरतात. पेनचा विषय निघालाच आहे तर, ते फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही. एका काकांनी मटारच्या पिशवीखाली ठेवलेलं पेन मला दाखवायला आणलं होतं. गोठलेलं औषध वितळलं तरी वापरायचं नसतं. हजारो रुपये मटारासोबत गेले.

राहिलं ‘वजन उतरलं की बंद’. त्याच चाचणीतल्या काही लोकांवर औषध थांबवल्यानंतर वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब वाढला तर आपण गोळीला खोटी म्हणत नाही, तसंच हे. पण म्हणूनच सुरू करण्याआधी विचारायला हवं: वर्ष, दोन वर्षं, कदाचित त्याहून जास्त काळ हा खर्च झेपेल का? सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं, त्यामुळे हा हिशेब आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. पण हिशेब करावा लागतोच.

त्या ताईंना मी त्या दिवशी काही दिलं नाही. जरा रागावूनच गेल्या. दहा दिवसांनी चिठ्ठी घेऊन आल्या, त्यांच्या शुगरच्या डॉक्टरांची. ग्लिमेपिराइड निम्मं केलेलं, खाली ०.२५ लिहिलेलं. पेन हातात घेऊन म्हणाल्या, “एवढंच?”

“एवढंच,” म्हटलं, “चार आठवडे.”

“म्हणजे लग्नापर्यंत काही नाही.”

“दोन-चार किलो उतरतील कदाचित. ब्लाउज मात्र आत्ताच्या मापाचाच शिवा.”