कडक लॉकडाऊनला होकार, पण खर्च कुणाचा?

महाराष्ट्रातल्या मित्रमंडळींशी कोविडच्या दिवसांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘तुमच्या मेलबर्नला जमलं, कारण तिथले लोक शिस्तीचे. आपल्याकडे दंडुक्याशिवाय कुणी ऐकत नाही.’ एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध आणखी आवळावेत की नाही यावर राज्यात रान पेटलं होतं, तेव्हाही हाच सूर होता. ‘कडक करा’ म्हणणारे परदेशाचा दाखला द्यायचे. ‘नको’ म्हणणारे म्हणायचे, ते श्रीमंत देशाला परवडतं. या दोन्ही बाजूंना मेलबर्नमध्ये खरं काय घडलं ते माहीत असायला हवं, कारण पुढची साथ येईल तेव्हा वाद पुन्हा इथूनच सुरू होईल.

आधी शिस्तीचं बघू. जुलै २०२० मध्ये इथे मेलबर्नमध्ये दुसरी लाट चढत होती. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाचे तेव्हाचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री, डॅनियल अँड्र्यूज यांनी ७ ते २१ जुलै या काळातल्या ३,८१० बाधितांचा हिशेब जाहीर केला. अंगात लक्षणं दिसल्यापासून चाचणी करेपर्यंत या लोकांपैकी दहातले जवळजवळ नऊ जण घरी थांबले नव्हते. चाचणी दिल्यानंतर निकाल येईपर्यंत ५३ टक्के लोक कामावर, बाजारात जात होते. ऑगस्टच्या सुरुवातीला जवान आणि आरोग्य कर्मचारी बाधितांच्या दारात जाऊन खात्री करू लागले. अशा ३,००० हून अधिक भेटींपैकी ८०० हून अधिक वेळा तो माणूस घरात सापडला नाही. तेव्हा शिस्तीचे गोडवे जरा आवरते घ्यावेत.

गंमत अशी नाही की लोक खोटं बोलत होते. त्याच आठवड्यांत जनमत चाचण्यांमध्ये बहुसंख्य लोक कडक नियमांच्या बाजूनेच होते, आणि ते मनापासून होते. नियमाला पाठिंबा देणं आणि नियम पाळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाठिंबा फोनवर दोन मिनिटांत देता येतो. पाळायला चौदा दिवसांचा पगार सोडावा लागतो.

कोण सोडू शकत नव्हतं? इथे ‘कॅज्युअल’ कामगारांचा मोठा वर्ग आहे. तासावर मजुरी, पगारी रजा नाही, आज आला नाहीस तर उद्याची पाळी दुसऱ्याला. कत्तलखाने, गोदामं, वृद्धाश्रम, सुरक्षारक्षकांच्या कंत्राटी एजन्सी, सफाई, सगळीकडे हेच. वृद्धाश्रमातली मदतनीस एका ठिकाणी पुरेसे तास मिळत नाहीत म्हणून दोन-तीन ठिकाणी काम करायची आणि विषाणू तिच्याबरोबर हिंडायचा. दुसऱ्या लाटेत राज्यात ८०० च्या आसपास माणसं दगावली, त्यातली बहुसंख्य वृद्धाश्रमांतली होती. पगार टिकवणारी केंद्र सरकारची ‘जॉबकीपर’ योजना पंधरवड्याला १,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर देत होती, पण एकाच मालकाकडे वर्ष न भरलेल्या कॅज्युअल कामगाराला ती नव्हती. तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांनाही, काही अपवाद सोडले तर, नव्हती. आपल्या मराठी घरांतून शिकायला आलेली कितीतरी मुलं-मुली यातच मोडतात.

राज्य सरकारने मग काय केलं ते बारकाईने बघण्यासारखं आहे, कारण वादात याचा उल्लेख क्वचितच होतो. चाचणी देऊन निकालाची वाट बघणाऱ्या, पगारी रजा नसलेल्या माणसाला आधी ३०० आणि पुढे ४५० डॉलर. बाधित निघाला किंवा बाधिताच्या निकट संपर्कात आला तर चौदा दिवसांसाठी १,५०० डॉलर. तात्पुरत्या व्हिसावरचे कामगारही यात धरले. त्याचबरोबर विलगीकरण मोडणाऱ्याला ४,९५७ डॉलरचा दंड. पैसा आणि दंड हातात हात घालून आले. त्या वेळी इथलं किमान वेतन आठवड्याला ७५३.८० डॉलर होतं. म्हणजे १,५०० डॉलर ही जवळपास दोन आठवड्यांची किमान मजुरी झाली. ही रक्कम कुणी हवेतून काढली नव्हती.

याच मापाने महाराष्ट्राकडे बघा. ‘ते श्रीमंत आहेत’ या मुद्द्याचं उत्तर डॉलरचे रुपये करून मिळत नाही, मजुरीचे दिवस मोजून मिळतं. १३ एप्रिल २०२१ ला राज्य सरकारने ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात अन्नसुरक्षेच्या सात कोटी लाभार्थ्यांना महिनाभर तीन किलो गहू आणि दोन किलो तांदूळ मोफत, शिवभोजन थाळी मोफत, आणि नोंदणीकृत बांधकाम कामगार, फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक, घरेलू कामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. त्या वर्षी राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २४८ रुपये होती. म्हणजे दीड हजार हे सहा दिवसांच्या मजुरीएवढे. निर्बंध जाहीर झाले पंधरा दिवसांचे आणि टप्प्याटप्प्याने वाढत गेले जूनपर्यंत. धान्याची मदत खरी होती, अनेक घरं तिच्यावर तगली, हे मान्यच करायला हवं. पण रोख रक्कम सहा दिवसांची आणि बंदी दीड महिन्याची हा हिशेब कुठल्याच देशात जुळत नाही.

शिवाय पैसा पोहोचायला उशीर. रिक्षाचालकांसाठीचे ऑनलाइन अर्ज मे महिन्याच्या उत्तरार्धात सुरू झाले. अर्जाला परवाना, बॅज आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागायचं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदललेला असला की ओटीपी जुन्या नंबरवर आणि अर्ज तिथेच अडकला. भाड्याने रिक्षा चालवणाऱ्याच्या नावावर परवानाच नसतो, तो सुरुवातीलाच बाद. घरेलू कामगारांमध्ये नोंदणी जिवंत असलेल्यांनाच रक्कम, आणि वर्षानुवर्षं नूतनीकरण न झालेल्या बायाच जास्त. फेरीवाल्यांचं तेच : हातगाडी बंद झाली सगळ्यांची, पैसे मिळाले यादीत नाव असलेल्यांना.

अशा परिस्थितीत ‘निर्बंध कडक करावेत का?’ असा सरसकट प्रश्न विचारून आलेल्या टक्केवारीला काय अर्थ आहे? ऑनलाइन पाहणी असेल तर स्मार्टफोन आणि सवड असणारेच उत्तर देतात. सोसायटीच्या ग्रुपवरचा कौल तर त्याहून एकांगी : त्या सोसायटीत धुणीभांडी करणारी बाई, वॉचमन, इस्त्रीवाला ग्रुपवर नसतात. चांगल्या पाहणीत उत्तर देणाऱ्याचा पगार महिन्याचा की रोजचा, घरात किती माणसं आणि किती खोल्या, काम घरून होतं की नाही, हे आधी विचारून आकडे वेगवेगळे मांडले पाहिजेत. आणि प्रश्न किमतीसकट हवा : ‘तुमची कमाई पंधरा दिवस थांबेल आणि अमुक रुपये मिळतील, तरी हवं का?’ दोन प्रश्नांच्या उत्तरांत जी तफावत पडेल, तीच धोरण आखणाऱ्याला उपयोगाची.

दुसरं, सूचना आणि शब्द. ४ एप्रिल २०२१ ला मंत्रिमंडळाची बैठक झाली तेव्हा लोकांच्या कानावर पडलं ‘वीकेंड लॉकडाऊन’. प्रत्यक्ष आदेश हातात आला तेव्हा कळलं की अत्यावश्यक सोडून बाकी सगळी दुकानं ३० एप्रिलपर्यंत आठवड्याचे सातही दिवस बंद. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरचे व्यापारी रस्त्यावर उतरले ते बंदीमुळे, आणि तितकेच या फसवणुकीच्या भावनेमुळे. गुढीपाडव्याचा माल भरून ठेवलेल्या कापडवाल्याला रविवारी एक सांगायचं आणि सोमवारी दुसरं, हे लोकमत हातचं घालवण्याचं खात्रीचं साधन आहे.

मेलबर्न इथेही आदर्श नाही. ४ जुलै २०२० ला दुपारी सरकारने फ्लेमिंग्टन आणि नॉर्थ मेलबर्नमधल्या सरकारी वसाहतीचे नऊ उंच टॉवर तत्काळ बंद केले. साधारण ३,००० रहिवासी, बरेचसे आफ्रिकेतून आणि आशियातून आलेले. खाली पोलिसांचा वेढा, वर लोकांना पत्ता नाही. कुणाचं औषध अडलं, कुणाला जेवण उशिरा आलं, आलं ते चालणारं नव्हतं. आठ टॉवर पाच दिवसांनी मोकळे झाले, नववा आणखी काही दिवसांनी. राज्याच्या लोकपाल डेबोरा ग्लास यांनी डिसेंबरात अहवाल दिला : साथ रोखण्यासाठी टॉवर बंद करणं योग्य असू शकतं, पण पूर्वसूचना न देता लगोलग बंद करणं हा मानवी हक्कांचा भंग होता. आदेशावर सही करणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्याला विचार करायला सुमारे पंधरा मिनिटं मिळाली होती.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात २४ मार्च २०२० दिसेल. देश बंद करण्याआधी चार तासांची सूचना. त्यानंतर नाशिकच्या महामार्गावर चालत निघालेले मजूर, आणि ८ मे च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून गेलेली मालगाडी. हे मजूर जालन्याहून पायी निघाले होते. ‘कडक करा’ला त्या वेळी प्रचंड पाठिंबा होता. त्या पाठिंब्यात त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं.

मेलबर्नकडून शिकण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे सुटकेचा आकडा. २ ऑगस्ट २०२० पासून शहरात रात्री ८ ते पहाटे ५ संचारबंदी, घरापासून ५ किलोमीटरची मर्यादा, दिवसातून एक तास व्यायाम, किराण्याला घरटी एकच माणूस, एवढे कडक नियम होते. ६ सप्टेंबरला सरकारने नकाशाच मांडला : रोजच्या नव्या रुग्णांची चौदा दिवसांची सरासरी ३० ते ५० वर आली की अमुक सवलत, ५ च्या खाली आणि उगम न सापडलेले रुग्ण दोन आठवड्यांत पाचापेक्षा कमी झाले की तमुक. मग शहरभर लोक रोज सकाळी तो आकडा बघू लागले. २६ ऑक्टोबरला शून्य रुग्ण आले आणि दुसऱ्या दिवशी मध्यरात्री दुकानं, हॉटेलं उघडली. त्रास तेवढाच होता, पण आपल्या घरी बसण्याने आकडा खाली जातोय हे दिसत होतं.

महाराष्ट्राने ७ जून २०२१ पासून पाच स्तरांची पद्धत आणली, ती माझ्या मते त्या काळातली आपल्याकडची सगळ्यात शहाणी गोष्ट. पॉझिटिव्हिटी, म्हणजे चाचण्यांपैकी बाधित निघणाऱ्यांचं प्रमाण, ५ टक्क्यांखाली आणि ऑक्सिजन खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, म्हणजे जवळपास सगळं खुलं. पॉझिटिव्हिटी २० टक्क्यांवर किंवा खाटा ७५ टक्क्यांवर गेल्या की पाचवा. मेलबर्नचा निकष जसाच्या तसा उचलला असता तर चाललं नसतं. उगम न सापडलेले रुग्ण मोजायला प्रत्येक रुग्णाचा माग लागावा लागतो. १८ एप्रिलला एका दिवसात ६८,६३१ रुग्ण सापडलेल्या राज्यात ते अशक्य होतं. खाटा मात्र मोजता येतात आणि लपवता येत नाहीत. दुबळा दुवा होता पॉझिटिव्हिटीचा : निरोगी लोकांच्या भरमसाट अँटिजेन चाचण्या केल्या की टक्केवारी आपोआप घसरते. जूनच्या अखेरीस आदेशात सुधारणा करून फक्त आरटीपीसीआरचा आकडा धरायचं ठरलं, ते बरोबर झालं. पण त्याच आदेशाने, विषाणूच्या डेल्टा प्लस या नव्या प्रकाराच्या भीतीने, आकडे काहीही असले तरी तिसऱ्या स्तराच्या खाली कुणी जायचं नाही असंही ठरवलं. ज्या जिल्ह्यांनी आकडे खाली आणले होते, त्यांना मिळणारी सूट अशी काढून घेतली. सुटकेचा आकडा एकदा जाहीर केला की तो पाळायचा असतो, नाहीतर पुढच्या वेळी कुणी विश्वास ठेवत नाही.

पैसा आणि आकडा नसला की काय होतं ते मेलबर्नने २०२१ मध्ये अनुभवलं. मार्चअखेरीस जॉबकीपर बंद झालं आणि मेअखेरीस चौथा लॉकडाऊन लागला, तेव्हा पहिल्या दिवशी हातात काही नव्हतं. केंद्राची नवी मदत नंतर आली, तीही सुरुवातीला बचत १० हजार डॉलरपेक्षा जास्त नसणाऱ्यांनाच. ऑगस्टात मुलांची मैदानंसुद्धा बंद केली, तरी डेल्टा चढतच राहिला. सप्टेंबरात बांधकाम मजूर रस्त्यावर उतरले. त्यानंतर लोकांना पुन्हा धरून ठेवलं ते एका नव्या आकड्याने : सोळा वर्षांवरच्या ७० टक्के लोकांचे दोन डोस. तो ऑक्टोबरात गाठला आणि शहर उघडलं. एकूण २६२ दिवसांचे लॉकडाऊन सोसूनही २०२२ च्या निवडणुकीत अँड्र्यूज ८८ पैकी ५६ जागा घेऊन परत आले. ‘कडक नियम म्हणजे राजकीय आत्महत्या’ हे खरं नाही. पण पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या कामगार उपनगरांत त्यांच्या पक्षाची मतं चांगलीच घटली, आणि साथीच्या काळात सगळ्यात जास्त रुग्ण आणि सगळ्यात कमी ‘वर्क फ्रॉम होम’ याच भागांत होतं.

इथल्या भारतीयांना आणखी एक धडा मिळाला. ३ मे २०२१ पासून पंधरवडाभर, भारतातून परतणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या नागरिकालाही पाच वर्षं कैद किंवा ६६,६०० डॉलर दंड होऊ शकेल असा आदेश इथल्या केंद्र सरकारने काढला. तोवर सीमाबंदीला मान डोलावणाऱ्या किती घरांतले आईवडील, नवरा-बायको, मुलं त्या वेळी पुण्या-मुंबईत अडकली होती! नियम आपल्या घरात शिरला की त्याच्याकडे बघण्याची नजर बदलते.

व्हिक्टोरियाने डिसेंबर २०२१ मध्ये साथींसाठी वेगळा कायदा केला. आदेश आरोग्यमंत्री काढणार, आणि त्यासोबत वैद्यकीय सल्ला काय होता, कारण काय, कुणाच्या हक्कांवर किती गदा येते, हे ठराविक मुदतीत छापून जाहीर करावंच लागतं. संचारबंदीच्या वेळी हे नव्हतं. ती आपल्या सल्ल्यातून आलेली नाही, असं खुद्द मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये सांगितलं आणि मोठा गदारोळ झाला. महाराष्ट्रात मात्र २०२० चे नियमही १८९७ च्या साथरोग कायद्याखालीच निघाले. पुण्यात प्लेगच्या वेळी रँडच्या पथकांनी घराघरांत घुसून झडत्या घेतल्या, तो त्याच वर्षातला कायदा. त्यात कारणं जाहीर करण्याची सक्ती नाही, नुकसानभरपाई द्यायचीच अशी सक्ती नाही, मुदत नाही. या तीन गोष्टी त्यात घालणं, आणि घरेलू कामगार, फेरीवाले, भाड्याने रिक्षा चालवणारे यांच्या याद्या दरवर्षी अद्ययावत करणं, ही कामं साथ नसतानाच होऊ शकतात. प्रत्येक महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात नोंदणीचा एक टेबल, वर्षातून एक महिना, आणि खात्यात एक रुपया टाकून खातं चालू आहे का हे तपासणं, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.