परकी प्रार्थना, पैशांची क्षमा? कॅथलिक धर्मग्रामाबद्दल फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

नाताळ किंवा ईस्टर जवळ आला की कॅथलिकांविषयीचा एक संदेश हमखास फिरू लागतो. त्यातले आरोप थोडक्यात असे: यांची प्रार्थना परक्या भाषेत चालते, पैसे दिले की यांची पापं माफ होतात, देवाला सोडून हे मरियेला पूजतात, फादर म्हणेल ती पूर्व दिशा, सगळा कारभार रोमच्या पैशावर, आणि रविवारी तासभर देवळात हजेरी लावली की यांचा धर्म संपला. मी वसईच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या कॅथलिक समुदायात, वाढलो, आजही मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, बायबलचं वाचन करतो. संदेश पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या चांगल्या ओळखीची माणसं आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी भाषा. वसईतल्या बहुतेक देवळांत रविवारची मुख्य मिस्सा मराठीत असते. गायनवृंद पेटी-तबल्यावर मराठी गीतं गातो, प्रवचन मराठीत होतं. रविवारी तीन वाचनं असतात: पहिलं बहुधा जुन्या करारातलं, दुसरं प्रेषितांच्या पत्रांतलं, तिसरं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचं कथन. पहिली दोन आमच्यासारखी प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेली, माणसं वाचतात. ज्याची पाळी असते तो शनिवारी घरी उतारा मोठ्यानं वाचून बघतो, कारण थेस्सलनीकाकरांस किंवा नबुखद्नेस्सर असं काही आलं आणि जीभ अडखळली, तर मागच्या बाकावरच्या म्हातारीला ऐकू येतो तो अडखळा, अर्थ येत नाही. घरी हीच माणसं कादोडी नाहीतर वाडवळी या वसईकडच्या बोली बोलतात. यात परकं काय आहे?

लॅटिनचा काळ होता, हे खरं. तो जगभरच होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि लोकभाषेला वेदीवर जागा मिळाली. पण मराठी ख्रिस्ती भक्ती काही 1963 साली जन्मली नाही. फादर थॉमस स्टीफन्स या जेजुइट संघाच्या इंग्रज धर्मगुरूनं मराठी ओवीत रचलेलं क्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, आणि ते गोव्याच्या देवळांतून वाचलं जात होतं. त्याच गोव्यात 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडावी असा हुकूम काढला, आणि त्यामागे काही मिशनऱ्यांचाही आग्रह होता. हा इतिहास लपवायचं कारण नाही. पण एवढ्या दडपणानंतरही भाषा टिकवली ती सामान्य भाविकांनी, आणि त्यांच्याच वारसांना परके म्हणणं मला सहन होत नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा 2013 चा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि 2020 साली धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. माझी काळजी वेगळीच आहे. इंग्रजी माध्यमात शिकणारी आमची मुलं मराठी गीतपुस्तक नीट वाचू शकत नाहीत आणि शहरी भागात इंग्रजी मिस्सांची मागणी वाढते आहे. टीका करायची तर यावर करा, मी सोबत आहे.

आता पैशांनी पापक्षमा. सर्वांत दुखावणारा आरोप हाच. पापनिवेदनाला बसलेला माणूस आपली पापं सांगतो, धर्मगुरू दोन शब्द सांगतात, प्रायश्चित्त देतात आणि देवाच्या नावानं क्षमेचे शब्द उच्चारतात. प्रायश्चित्त म्हणजे बहुधा काही प्रार्थना किंवा एखादं सत्कृत्य. पैसे कुठेच येत नाहीत. उलट कुणाचं काही चोरलं असेल तर ते परत करणं, कुणाची बदनामी केली असेल तर ती शक्य तेवढी भरून काढणं, ही जबाबदारी क्षमेनंतरही उरते. भावाच्या बांधावरची हात-दोन हात जमीन ढकलून घेतलेल्या माणसाला हा संस्कार किती जड जातो, हे वसईसारख्या वाडी-बागायतीच्या मुलखात वेगळं सांगायला नको. ऐकलेलं धर्मगुरूनं उघड केलं तर चर्चचा कायदा त्याला थेट बहिष्कृत ठरवतो.

आरोपाला इतिहासाचा आधार कुठून आला, तेही सांगतो. सोळाव्या शतकात युरोपात दंडमुक्तिपत्रांचा, म्हणजे पापाची शिक्षा माफ होते असं सांगणाऱ्या पत्रांचा, बाजार मांडला गेला होता. मार्टिन ल्यूथरनं 1517 साली त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि त्याचा तो संताप रास्त होता. ट्रेंटच्या परिषदेनं पुढे त्या गैरव्यवहारावर घाव घातला आणि 1567 साली पोप पायस पाचवे यांनी पैशांशी जोडलेल्या सगळ्या दंडमुक्त्या रद्द केल्या. साडेचारशे वर्षांपूर्वी बंद झालेली गोष्ट आजच्या भाविकाच्या माथी मारणं अन्याय आहे.

मृतांच्या नावानं मिस्सा अर्पण करायला सांगताना लोक दान देतात, तेही क्षमेची किंमत म्हणून नव्हे. तिथं व्यापाराचा नुसता आभासही नको, असं चर्चच्या कायद्यात लिहिलेलं आहे. एका धर्मगुरूनं दिवसात दोन-तीन मिस्सा केल्या तरी एकाच मिस्साचं दान त्याला स्वतःसाठी ठेवता येतं, नाताळचा दिवस तेवढा अपवाद. ज्यांच्याकडे द्यायला काहीच नाही, त्यांच्या हेतूसाठीही मिस्सा करावी अशी धर्मगुरूंना कळकळीची सूचना आहे.

मरियेचं उत्तर लहान आहे. आराधना फक्त देवाची. मरियेला आणि संतांना मान, आणि ‘आमच्यासाठी विनंती कर’ एवढं मागणं. जपमाळेतल्या प्रत्येक नमो मरियेचा शेवट याच विनंतीनं होतो. प्रतिमांचा प्रश्न तर 787 साली निकायाच्या दुसऱ्या परिषदेतच सुटला: प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याला पोचतो.

फादर म्हणेल ती पूर्व दिशा? धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरूंचा शब्द वजनदार असतो, नाकारत नाही. पण प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती असावीच लागते, हे चर्चच्या कायद्याच्या 1983 च्या संहितेत बंधनकारक आहे. भाविकांची धर्मग्राम परिषद मात्र सल्लागार असते, निर्णय तिच्या हाती नसतो. माझ्या मते प्रापंचिकांना, विशेषतः बायकांना, याहून जास्त अधिकार हवा. गायनवृंद, धर्मशिक्षणाचे वर्ग, वेदीची सजावट यांतलं बरंचसं काम बायकाच ओढतात, आणि वाचकपदाची औपचारिक सेवा त्यांच्यासाठी खुली व्हायला 2021 साल उजाडावं लागलं. हा दोष आमचा आहे आणि आम्ही तो घरात बोलतो. पण दोष असणं वेगळं आणि लोकांना स्वतःचं डोकंच नाही असं म्हणणं वेगळं. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, युरोपीय मिशनरी गेले, आणि पुढे देशी धर्मगुरू नि इथल्या कष्टकऱ्यांच्या बळावरच ही धर्मग्रामं उभी राहिली. हुकमावर चालणारी माणसं हुकूम देणारे गेल्यावर पांगली असती.

रोमच्या पैशाचं म्हणाल, तर रविवारी बाकांमधून फिरणाऱ्या दानपिशवीत आमच्याच खिशातल्या नोटा पडतात. वर्षातून एकदा, संत पीटर आणि पॉल यांच्या सणाच्या सुमारास, पोपच्या दानधर्मासाठी जगभर दान गोळा होतं, म्हणजे काही पैसा इथून तिथे जातो. बाहेरच्या मदतीवर काही संस्था उभ्या राहिल्या हे खरं, पण 2020 च्या कायदादुरुस्तीपासून परदेशी देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारता येते. सरकारच्या नजरेआड काही चालत नाही. आणि स्वावलंबनाचा दाखला हवा असेल तर 1918 साल आठवा. धर्मगुरू मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानं वसईच्या कॅथलिकांनी स्वतःची सहकारी पतसंस्था काढली. आजची बसीन कॅथलिक सहकारी बँक ती हीच.

राहिली रविवारची हजेरी. गावात कुणी गेलं की देवळाची घंटा वाजते आणि कोण गेलं हे विचारत माणसं हातातलं काम टाकून निघतात. दुःखाच्या घरात शेजारी जेवण पोचवतात, संध्याकाळी जपमाळेला ओटा भरून जातो. मे महिन्यात वाडीतल्या क्रुसापाशी प्रार्थना होते, शेवटी उकडलेले चणे वाटले जातात, आणि ते घ्यायला कॅथलिक नसलेल्या घरांतली पोरंही ओंजळ पुढे करतात. व्हिन्सेंट डी पॉल या सेवाभावी संस्थेचे सभासद गरजू घरांत स्वतः जाऊन औषधाचं, फीचं काय झालं ते बघतात. वसईच्या बागा आणि पाणी वाचवण्यासाठी फादर दिब्रिटोंनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली सर्व धर्मांच्या लोकांना रस्त्यावर उतरवलं, तेव्हा धर्मग्रामातली माणसं कुटुंबांसह मोर्चात होती. त्यांत अनेकांनी पोलिसांचा मारही सोसला.