व्हॅलेन्सियातली फ्युशिया: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मे महिन्यात नर्सरीतून फुललेल्या फ्युशिया, म्हणजे लोंबत्या फुलांची ती कुंडीतली झुडपं, आणल्या, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात गच्चीवर सावलीत ठेवल्या, ठिबकवर दिवसातून तीनदा पाणी दिलं, तरी जुलैअखेर सगळ्या गेल्या. तेव्हा भूमध्य समुद्राकाठी फ्युशिया लावायला सांगणं म्हणजे लोकांचे पैसे बुडवणं. तुमचा राग समजतो, पण निष्कर्ष पटत नाही. झाडं कशाने गेली ते तुम्ही दिलेल्या आकड्यांतच दिसतंय.

ताशी 4 लिटरचा ड्रिपर, 10 मिनिटं, तीनदा. म्हणजे रोज 2 लिटर पाणी, तेही जेमतेम 4 लिटर माती मावणाऱ्या प्लास्टिकच्या कुंडीत, आणि खाली ताटली. भर उन्हाळ्यात दुपारी फ्युशिया माना टाकतेच, माती ओली असली तरी. पानांतून उडणारं पाणी मुळं त्या वेगाने पुरवू शकत नाहीत. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो आणि तिथेच घात होतो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तापलेल्या मुळांना मात्र तो जास्त लागतो. मुळं गुदमरतात, मग पिथियमसारखे मातीतले बुरशीसारखे जीव ती कुजवतात. मुळं गेली की पानं पुन्हा मलूल, आणि आपण पुन्हा झारी घेऊन हजर.

म्हणून झाडाची पाहणी दुपारी करू नका, सकाळी सातला करा. पानं ताठ असतील तर कालची मरगळ उन्हाची होती. वरची दोन-तीन सेंटीमीटर माती सुकली असेल तरच पाणी द्या. सकाळीही मलूल आणि कुंडी उचलून जड लागली, तर झाड बाहेर काढा. एखादं मूळ चिमटीत धरून ओढलं की तपकिरी साल सटकून येते आणि आत दोऱ्यासारखा धागा उरतो, ते कुजलेलं. अशी मुळं कापा, वरचा पसारा निम्म्यावर आणा, आधीपेक्षा लहान कुंडीत नव्या, निचऱ्याच्या मिश्रणात लावा. खत अजिबात नको. सगळी वाचतात असं नाही. मलूल पण हलकी कुंडी असेल तर पीट (नर्सरीच्या मिश्रणातलं कुजलेल्या शेवाळाचं माध्यम) वाळून पाणी कडेकडेने निसटतंय. कुंडी बादलीत बुडवा, बुडबुडे थांबले की काढा आणि निथळू द्या.

तुम्ही म्हणता, ‘ही अँडीजच्या थंड जंगलातली झाडं.’ बहुतेक जाती तिथल्याच, खरं आहे. पण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्ल्युमिएने 1703 मध्ये वर्णन केलेली पहिली फ्युशिया, ट्रिफिला, कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावरची. तीही डोंगरातलीच, तरी तिच्या लांब नळीच्या फुलांचे संकर गरमी बरीच सोसतात: ‘थालिया’, ‘मेरी’, 1905 चा ‘गार्टनमायस्टर बॉनश्टेट’. तुम्ही आणलेली ‘स्विंगटाइम’ दुहेरी, म्हणजे दाट पाकळ्यांच्या फुलांची. उष्ण रात्रींत तिच्या कळ्या गळणारच. व्हॅलेन्सियात ती मी कुणालाही सुचवणार नाही.

कुंडी 25-30 सेंटीमीटरची, मातीची, बिनग्लेझची घ्या. ती एका मोठ्या कुंडीत ठेवा आणि मधल्या फटीत भाजलेल्या मातीचे हलके खडे भरून ते ओलसर ठेवा, म्हणजे कडेची मुळं भाजत नाहीत. मिश्रणात किमान चौथा हिस्सा पर्लाइट (निचऱ्यासाठीचे पांढरे हलके खडे), वर तीन सेंटीमीटर पाइनच्या सालींचा थर. सकाळी दहापर्यंतचं ऊन चालतं, पुढे सावली. पोनिएन्ते सुटला, म्हणजे पश्चिमेचा तो कोरडा गरम वारा, की कुंड्या भिंतीच्या आडोशाला एकत्र हलवा. शेडनेट वारा अडवत नाही.

पानं पिवळी पडली असतील तर त्याचं कारण वेगळं आहे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, म्हणजे तिथल्या जड, चुनखडीच्या पाण्यामुळे मुळांना लोह मिळत नाही. साधं खत वाढवून उपयोग नाही. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (अशा पाण्यातही मुळांना घेता येईल असं लोह) पाकिटावरच्या मात्रेत द्या आणि जमेल तेव्हा पावसाचं पाणी वापरा.

खरेदीचा महिनाच बदला. मे महिन्यातलं झाड हरितगृहातून येतं आणि लगेच उन्हाळ्यात सापडतं. ऑक्टोबरमध्ये लावलं तर मुळांना हिवाळाभर वेळ मिळतो. फुलं मार्च ते जून आणि पुन्हा शरदात. जुलै-ऑगस्टमध्ये खत बंद, फुलांची अपेक्षाही बंद. ऑगस्टअखेर शेंडे खुडा. एकेरी फुलांना तिथून साधारण आठ आठवडे लागतात, दुहेरींना दहा, ट्रिफिला संकरांना त्याहून जास्त. (पुण्या-नाशिकच्या वाचकांनी हे वेळापत्रक उचलू नये. व्हॅलेन्सियात उन्हाळा कोरडा आणि पाऊस मुख्यतः शरदात, आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर.)

‘शेंडे जळाले’ असंही तुम्ही लिहिलंय. ते वाळून कुरकुरीत झाले असतील तर वाऱ्याने. पण जाडसर, लालसर, पिळवटलेले असतील तर ती फ्युशियाची गाठमाइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म कोळी. तसे शेंडे निरोगी भागापर्यंत कापून पिशवीत बंद करून टाका, कंपोस्टमध्ये नाही, आणि दुसऱ्या झाडाला हात लावण्याआधी कात्री स्पिरिटने पुसा.